दुकान उघडे, घर बंद

मावळातले घरगुती धंदे आता चिक्की, फज आणि इंद्रायणी तांदळापाशी थांबलेले नाहीत. तुंगार्लीतला बंगला शनिवार-रविवारसाठी भाड्याने देणारे कुटुंब, पवना धरणाच्या काठी तंबू टाकणारी पवन मावळातली पोरे, तळेगावच्या बाजूला हरितगृहात जरबेरा आणि गुलाब घेणारा शेतकरी, कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवणारा, नाणे मावळातून मध आणि हातसडीचा तांदूळ पुण्या-मुंबईला पाठवणारा बचतगट. यांतल्या अनेकांची स्वतःची वेबसाइट असते. कुणाची भाड्याच्या सर्व्हरवर, कुणाची इन्स्टाग्रामच्या जोडीला नावापुरती, आणि काही हौशी मंडळींची घरातल्याच जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या पाटीवर. बुकिंग, आगाऊ रक्कम, पाहुण्यांची ओळखपत्रे, ग्राहकांचे पत्ते, सगळे तिच्यातून जाते.

या वेबसाइटचे आणि तिच्यामागच्या सर्व्हरचे रक्षण कसे करायचे, यावर सल्ल्यांची कमतरता नाही. बहुतेक सल्लागार पंचवीस-तीस सेटिंग्जची यादी हातात देतात आणि ती यादी बव्हंशी बरोबरही असते. पण सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. घरात काय ठेवायचेच नाही, हे आधी ठरवायला हवे. कुलपांची निवड नंतरची. मावळातल्या धंद्यांकडे पाहिले की हा क्रम जास्तच पटतो, कारण इथे नुकसान ज्या वाटेने होते ती वाट बऱ्याचदा सर्व्हरच्या कुलपातून जातच नाही.

कोण येते आणि कशाला

"आमच्या एवढ्याशा दुकानावर कोण हल्ला करणार?" साइटच्या सुरक्षेबद्दल लोणावळ्याच्या बाजारात कुणालाही विचारा, हेच उत्तर प्रश्नाच्या रूपात मिळेल. त्यात एक गृहीत धरलेले असते की कुणी माणूस आपल्याला निवडून आपल्यावर चालून येतो. तसे सहसा घडत नाही. इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही४ पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेडमॅप' नावाचे साधन तयार केले आणि एकाच संगणकावरून, एक गिगाबिटच्या जोडणीने, हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत चाळून दाखवले. तेव्हापासून सगळे पत्ते ठोठावून बघणे हा कुठल्याही टोळीला परवडणारा उद्योग झाला. खंडाळ्यातला सर्व्हर आणि कॅलिफोर्नियातला सर्व्हर यांत त्या यंत्राला काही फरक दिसत नाही.

नव्या साइटला तर लपायलाही वेळ मिळत नाही. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हासाठी जे प्रमाणपत्र लागते, ते लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था फुकट देते. पण असे प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत चढते. बनावट प्रमाणपत्रे पकडता यावीत म्हणून ही वही उघडी ठेवलेली आहे, आणि हल्लेखोरांचे प्रोग्रामही तीच वही वाचत बसलेले असतात. सकाळी साइट सुरू केली की चहा होईपर्यंत नोंदींमध्ये अनोळखी पाहुणे दिसू लागतात. कुणी वर्डप्रेसचे लॉगिन पान मागतो, कुणी पासवर्ड असलेली सेटिंग्जची फाइल चुकून उघडी राहिली आहे का ते बघतो, कुणी डेटाबेस सांभाळायचे पान शोधतो. तुमच्याकडे वर्डप्रेस नसले तरी मागतो. त्याला विचारायला काही खर्च येत नाही.

आत शिरून त्यांना मिळते काय? चिक्कीचा भाव जाणून घ्यायचा नसतो. त्यांना तुमचा संगणक, तुमचा पत्ता आणि तुमची पत हवी असते. संगणकावर आभासी चलन खणता येते. पत्त्यावरून लाखो फसव्या मेल पाठवता येतात. आणि पत? वर्षानुवर्षे चालू असलेल्या, गुगलला विश्वासार्ह वाटणाऱ्या साइटच्या पोटात हजारो बनावट पाने भरता येतात. या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध लागण म्हणजे जपानी भाषेतली नकली ब्रँडेड वस्तूंची पाने. मालकाला आपली साइट नेहमीसारखीच दिसते. ती पाने फक्त गुगलच्या यंत्राला दाखवली जातात. मग एके दिवशी शोधात बंगल्याच्या नावाखाली 'ही साइट हॅक झालेली असू शकते' असा शेरा येतो आणि बुकिंगचे फोन आटतात.

मोठे हल्ले आपल्या शेजारीही झाले आहेत. ११ ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेत घुसखोरी करून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. १३ तारखेला आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटींचे. २०२१ च्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. जुलै २०२४ अखेर बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवरच्या हल्ल्यामुळे देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले, आणि सुरक्षा अभ्यासकांच्या मते सुरुवात झाली ती एका पुरवठादाराच्या नीट न बांधलेल्या सर्व्हरपासून. घरगुती धंद्याने यातून घाबरून जाण्यासारखे फारसे नाही. पण एक गोष्ट टिपून ठेवावी: ११ ऑगस्ट हा शनिवार होता. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर किडा शुक्रवारी सुटला. कार्यालये ओस पडतात तेव्हा हल्ला करणे सोयीचे असते. आणि लोणावळ्यात नेमके तेव्हाच गल्ल्यावर उभे राहायला माणूस पुरत नाही. शनिवारी रात्री साइटकडे कुणी बघणार नाही, हे इथे धरूनच चालावे लागते.

मावळात राहून या विषयावर लिहायचे तर लोहगड-विसापूरची उपमा द्यायचा मोह होतो. ती इथे बसत नाही. किल्ला लोकांना बाहेर ठेवण्यासाठी बांधतात, दुकान आत घेण्यासाठी. वेबसाइट हे दुकान आहे. सगळ्या जगाला आत येऊ द्यायचे आणि तरी माजघरात जाऊ द्यायचे नाही, ही खरी अडचण आहे.

सर्व्हर घरात हवाच कशाला?

घरात सर्व्हर ठेवण्याची कारणे दोन: पैसे वाचतात आणि शिकायला मिळते. दुसरे कारण मला पटते, पहिले फारसे नाही. लोणावळ्याच्या पावसात वीज जाते, येते, पुन्हा जाते. दाब वरखाली होतो. रास्पबेरी पाय ज्या मेमरी कार्डावर चालतो ते लिहिता लिहिता वीज गेली तर खराब होऊ शकते. म्हणजे यूपीएस आला, चांगली डिस्क आली, आणि वाचलेले पैसे तिथेच गेले. शिवाय घरगुती ब्रॉडबँडच्या अटींमध्ये व्यावसायिक सर्व्हर चालवायला अनेकदा मनाई असते. ते कलम सहसा कुणी वाचत नाही.

तांत्रिक अडथळा वेगळाच आहे. जिओसारख्या कंपन्या घरगुती ग्राहकांना स्वतंत्र आयपीव्ही४ पत्ता देत नाहीत, अनेकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या घरापर्यंत कुणी पोहोचू शकत नाही, ग्राहकही नाही आणि चोरही नाही. हे आयते संरक्षण समजून लोक निर्धास्त राहतात. पण त्याच जोडणीवर नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता घरातल्या प्रत्येक यंत्राला मिळतो, आणि तो जगाला थेट दिसू शकतो. राउटरमध्ये आयपीव्ही६ ची फायरवॉल बंद असेल तर समोरचे दार लावून परसदार उघडे ठेवल्यासारखे होते. घरात सर्व्हर ठेवणाऱ्याने सर्वांत आधी तपासायची सेटिंग हीच, आणि नेमकी हीच बहुतेक याद्यांमध्ये नसते.

घरातला सर्व्हर बाहेर दाखवायचाच असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडण्यापेक्षा बोगद्याची पद्धत बरी. क्लाउडफ्लेअरसारख्या कंपनीचा छोटा प्रोग्राम घरातून बाहेरच्या दिशेने जोडणी करतो, ग्राहक कंपनीच्या दारात येतो आणि त्या जोडणीतून आत आणला जातो. घराकडे एकही दार उघडे राहत नाही, घराचा पत्ताही कळत नाही. पुराच्या लोंढ्यासारख्या विनंत्या अंगावर सोडून साइट पाडण्याचा जो हल्ला असतो, त्याला तोंड देण्याचा छोट्या माणसाजवळ दुसरा मार्गही नाही. १०० एमबीपीएसची घरगुती वाहिनी भरायला फार काही लागत नाही, आणि ती एकदा भरली की घरातली फायरवॉल कितीही चांगली असली तरी उपयोग शून्य. किंमत अशी की तुमची सगळी रहदारी त्या कंपनीला उघडी दिसते आणि ती आजारी पडली की तुम्हीही पडता. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर काही तास कोलमडली तेव्हा जगभरातल्या असंख्य साइट एकदम बंद झाल्या होत्या.

बहुतेकांसाठी माझे मत सरळ आहे: सर्व्हर भाड्याने घ्या. मायक्रोसॉफ्टचा 'सेंट्रल इंडिया' विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे, ॲमेझॉनचा विभाग २०१६ पासून मुंबईत. छोट्या भारतीय कंपन्याही कमी पैशांत जागा देतात. त्याहून बरे म्हणजे, साइटवर फक्त फोटो, दर, नकाशा आणि फोन नंबर एवढेच असेल तर डेटाबेस, लॉगिन काहीच नसलेली साधी स्थिर पाने ठेवा. ज्या पानामागे चालणारा प्रोग्रामच नाही त्यात घुसायला जागा फार थोडी उरते. बंगलेवाल्यांपैकी निम्म्यांना तरी याहून जास्त काही लागत नसावे, असे त्यांच्या साइट बघून वाटते. बुकिंगचे कॅलेंडर हौसेने लावलेले असते आणि खरे बुकिंग व्हॉट्सॲपवरच होते.

पाहुण्यांचा वायफाय

सर्व्हर बाहेर नेला तरी घरातले जाळे उरतेच, कारण साइटचा पासवर्ड ज्या लॅपटॉपमध्ये आहे तो लॅपटॉप त्याच जाळ्यावर असतो. लोणावळ्यातल्या बंगल्यांची आणि होमस्टेची खास अडचण इथे सुरू होते. वायफायचा पासवर्ड दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेला असतो. दर शनिवारी वीस-पंचवीस अनोळखी फोन त्या जाळ्यात येतात, आणि त्याच जाळ्यावर मालकाचा संगणक, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बिलांची हार्ड डिस्क सगळे नांदत असते. पाहुणा चोर असायची गरज नाही. त्याच्या फोनमध्ये नको ते ॲप असले तरी पुरे. जवळजवळ प्रत्येक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' नावाचा पर्याय असतो आणि तो चालू करायला पाच मिनिटे लागतात. पाहुण्यांसाठी एक जाळे, कॅमेऱ्यांसाठी दुसरे, धंद्याच्या संगणकासाठी तिसरे. घरातल्या जाळ्यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम हेच असावे.

कॅमेऱ्यांचा विषय वेगळा काढावा लागतो. गेट, पार्किंग, पोहण्याचा तलाव, सगळीकडे कॅमेरे असतात आणि मालक ठाण्यात किंवा पिंपरीत बसून ते फोनवर बघतो. ते बघता यावे म्हणून बसवणाऱ्याने राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवलेला असतो आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच ठेवलेला असतो. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या किड्याने नेमके हेच हेरले. त्याच्याजवळ साठेक ठरीव नाव-पासवर्डच्या जोड्या होत्या, बस्स. तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्या जोरावर, साइटची नावे त्यांच्या पत्त्यांशी जोडून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला झाला तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत काही तास चालेनात. किडा बनवणारे तिघे अमेरिकन तरुण होते आणि त्यांना आधी रस होता तो माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरच्या धंद्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले चित्रण बाहेर विकले जात असल्याचे उघड झाले. तिथेही सोपा पासवर्ड हे कारण पुढे आले. बंगल्यातल्या तलावाचे चित्रण बाहेर गेले तर मालकाच्या साइटचे काय होईल हा प्रश्न फार छोटा ठरेल. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत. भिंतीवर आधीच लटकलेल्या कॅमेऱ्यांना मात्र तो नियम लागू पडत नाही, ते मालकालाच बघावे लागतात.

घरातल्या जाळ्याला जोडलेली हार्ड डिस्क, म्हणजे नॅस, याच माळेतली. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोराने क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटवर थेट उघड्या असलेल्या नॅस डिस्क कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकी ०.०३ बिटकॉइन मागितले. मागणी मुद्दाम छोटी, म्हणजे छोटा धंदेवाला पोलिसांकडे न जाता देऊन मोकळा होईल.

साइट करून देणारा मुलगा

सर्व्हरवर काय करावे, याबद्दल तज्ज्ञांत फारसे दुमत नाही, त्यामुळे इथे भराभर पुढे जाता येईल. लिनक्सची स्थिर आवृत्ती घ्या आणि सुरक्षेच्या सुधारणा आपोआप बसू द्या. दुरून लॉगिन करायला पासवर्ड बंद करून किल्लीची फाइल वापरा. एवढे केले की पासवर्डचे तर्क लढवणारे यंत्र वर्षभर ठोठावत बसले तरी आत येत नाही. पोर्टचा क्रमांक बदलण्याने नोंदवहीतला गोंगाट कमी होतो, सुरक्षा फारशी वाढत नाही. फेलटूबॅनसारखे, वारंवार चुकणाऱ्याला हाकलणारे साधन लावावे, पण त्यावर भिस्त ठेवू नये. विंडोजचे दूरस्थ डेस्कटॉप इंटरनेटवर उघडे ठेवू नये; खंडणीखोरांचा तो आवडता रस्ता आहे. ताजे ते चांगले हा नियमही डोळे मिटून पाळू नये. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लिनक्स सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत कुणी तरी चोरवाट पेरल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होते आहे असे जाणवले आणि त्याने मूळ शोधले म्हणून ते कळले. स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत तोवर ती पोहोचलेली नव्हती.

वर्डप्रेसचे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट त्यावर आहेत आणि मावळातलेही प्रमाण कमी नसावे. वर्डप्रेसचा गाभा बराच मजबूत आहे आणि २०१३ पासून तो छोट्या सुधारणा स्वतःहून बसवून घेतो. भोके असतात ती प्लगइनमध्ये. बुकिंगचे एक, फोटोंच्या गॅलरीचे एक, फॉर्मचे एक, तरंगत्या व्हॉट्सॲप बटणाचे एक, असे वीस प्लगइन जमतात. त्यांतल्या काहींच्या लेखकांनी ते कधीच वाऱ्यावर सोडलेले असतात. वापरात नसलेले प्लगइन बंद करून भागत नाही, काढूनच टाकावे लागते. फुकटात मिळालेले 'क्रॅक' केलेले महागडे थीम तर विकत घेतलेले दुखणे असते, कारण ते फोडणाऱ्याने आत आपली सोय करून ठेवलेली असण्याची शक्यता दाट.

पण खरी गोम माणसात असते. मावळातल्या बहुतेक साइट कुणा ओळखीच्या मुलाने करून दिलेल्या असतात. तो तळेगावच्या कॉलेजात शिकत होता, आता हिंजवडीत किंवा बंगळूरला नोकरीला आहे. डोमेन त्याच्या नावावर, त्याच्या मेलवर; होस्टिंगचे पैसे त्याच्या कार्डावरून जातात; सर्व्हरचा पासवर्ड त्यालाच ठाऊक आणि तोच पासवर्ड त्याने केलेल्या आणखी दहा साइटला. त्याची नियत चांगलीच असते. पण त्याने नोकरी बदलली, मेल बंद झाला, नूतनीकरणाची सूचना कुणी वाचली नाही, तर एक दिवस डोमेन सुटते आणि दुसऱ्याच कुणाच्या हाती लागते. हल्ल्याची गरजच पडत नाही. डोमेन धंद्याच्या मालकाच्या नावे, त्याच्या स्वतःच्या मेलवर, त्या मेलला दोन टप्प्यांचे लॉगिन आणि एका वर्षाऐवजी चार-पाच वर्षांचे शुल्क एकदम भरलेले, एवढे असावे. मुलाला वेगळे खाते काढून द्यावे, मालकाचे वापरायला देऊ नये. हे बोलणे अवघड जाते, मान्य आहे. घरच्यासारखा मुलगा, त्याच्याकडे कागद मागायचे कसे? पण नाते दुखावू नये म्हणून गप्प बसणे हेच इथल्या निम्म्या साइटचे सर्वांत मोठे भोक आहे.

आधारच्या प्रती

चोरण्यासारखे तुमच्याजवळ काय आहे, याचा हिशेब केला की बंगले, होमस्टे आणि तंबूवाल्यांच्या बाबतीत एकच गोष्ट ठळक दिसते: पाहुण्यांचे आधार. बुकिंग करताना 'सगळ्यांचे आधार पाठवा' असे सांगितले जाते आणि ते येतात, व्हॉट्सॲपवर, मेलवर, साइटच्या फॉर्ममधून. फॉर्ममधून आलेल्या फाइल अपलोडच्या फोल्डरमध्ये साठतात. सर्व्हर नीट बांधलेला नसेल तर त्या फोल्डरची यादी ब्राउझरमध्ये कुणालाही उघडता येते, कधी कधी गुगललाही. पाच हंगामांत काही हजार लोकांची छायाचित्रे, पत्ते आणि आधार क्रमांक एका जागी जमतात. चिक्कीच्या दुकानात असा साठा नसतो. आठ खोल्यांच्या बंगल्यात असतो.

पोलिसांना पाहुण्यांची नोंद हवी असते हे खरे. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत कळवावी लागते, तेही खरे. पण नोंद ठेवणे वेगळे आणि पूर्ण आधारचे फोटो अनंत काळ साठवणे वेगळे. आधार प्राधिकरण शेवटचे चारच आकडे दाखवणारे 'मास्क्ड' आधार देते. पाहुण्याकडून तेच मागावे. साइटवर ओळखपत्र चढवायची सोयच ठेवू नये. आल्यावर मूळ ओळखपत्र बघून नोंदवहीत लिहावे. घ्यावेच लागले तर ते वेबच्या फोल्डरबाहेर, कुलूपबंद ठेवावे आणि मुदत ठरवून पुसावे. जे ठेवलेच नाही ते चोरीला जात नाही. सुरक्षेचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही आणि त्याला एकही सेटिंग लागत नाही.

तुमच्या नावाने दुसरेच दुकान

लोणावळ्याच्या बाजारात एकाच धाटणीच्या नावांची चिक्कीची दुकाने एकमेकांना लागून उभी असतात आणि 'मूळ दुकान हेच' अशी पाटी बऱ्याच ठिकाणी दिसते. इंटरनेटवर या खेळाला मर्यादाच नाही. कुणी तरी तुमच्या बंगल्याचे फोटो उचलतो, मिळतेजुळते डोमेन घेतो, दर निम्मे लावतो, आगाऊ रक्कम यूपीआयवर घेतो आणि नाहीसा होतो. शनिवारी दुपारी मुंबईहून तीन गाड्या भरून आलेले कुटुंब तुमच्या गेटवर उभे राहते. बनावट बंगला बुकिंगची ही फसवणूक लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग या सगळ्या पर्यटनाच्या पट्ट्यात ओळखीची झाली आहे. तुमच्या सर्व्हरला तिथे कुणी हातही लावलेला नसतो. फायरवॉल, किल्ल्या, सुधारणा, सगळे जागच्या जागी असते.

सुरक्षेच्या चर्चेत हा भाग बहुधा बाहेरच राहतो, कारण तो तांत्रिक वाटत नाही. उपाय मात्र आहेत. गुगलवरची धंद्याची नोंद स्वतः दावा करून, पडताळून घ्यावी. न घेतल्यास तिथला फोन नंबर दुसरा कुणी सुचवून बदलू शकतो. २०१८ मध्ये गुगल मॅप्सवर बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे नंबर ठगांनी असेच बदलल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. साइट, इन्स्टाग्राम, गुगल, गेटवरची पाटी, सगळीकडे एकच नंबर असावा. 'रक्कम फक्त या नावाच्या खात्यावर भरा' असे पहिल्याच पानावर लिहावे, म्हणजे यूपीआयवर भलते नाव दिसले की ग्राहक थबकतो. महिन्यातून एकदा आपल्या बंगल्याचा फोटो गुगलच्या चित्रशोधात टाकून बघावा. बनावट डोमेन सापडले तर ते विकणाऱ्या नोंदणीदाराकडे आणि होस्टिंग कंपनीकडे तक्रार करता येते, '.इन'ने संपणाऱ्या नावांसाठी निक्सी या संस्थेची वाद सोडवण्याची वेगळी पद्धत आहे. तुमच्या नावाने मेल जाऊ नयेत म्हणून डोमेनच्या नोंदींमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी घालाव्या लागतात. फुकट असतात, आणि घातलेल्या क्वचितच दिसतात.

पैशांच्या बाजूला दोन-तीन गोष्टी. कार्डाचे क्रमांक साठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ते साठवताही येत नाहीत, पेमेंट कंपनीचे पान वापरावे. ग्राहकाच्या ब्राउझरकडून आलेली किंमत खरी मानू नका: पानाच्या पोटातला ५,००० चा आकडा ५ करून पाठवणे हा कॉलेजातल्या पोरांचा खेळ आहे, हिशेब सर्व्हरनेच करावा. आणि यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर खोली देऊ नका.

बॅकअपबद्दल एवढेच. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, हा जुना नियम पुरेसा आहे. निदान एक प्रत तारेने जोडलेली नसावी, कारण खंडणीखोर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. आणि पावसाळ्याआधी एकदा ती प्रत खरोखर उघडून, साइट दुसरीकडे उभी करून बघावी. न उघडलेला बॅकअप हा अंदाज असतो.

तक्रार कुठे, आणि कायदा काय म्हणतो

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. पहिल्या तासाभरात कळवले तर रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पोलीस ठाण्याचा घोळ मावळात खास आहे. लोणावळा शहर, लोणावळा ग्रामीण, कामशेत, वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांची; तळेगाव मात्र १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. म्हणजे बंगला खंडाळ्यात आणि मालक तळेगावात असेल तर दोन यंत्रणा आल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेनुसार हद्दीच्या कारणावरून तक्रार नाकारता येत नाही, हे जाताना लक्षात ठेवावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो, म्हणून पहिल्या टेबलावर वेळ जातो. सोबत सर्व्हरच्या नोंदी, तारखा आणि स्क्रीनशॉट छापून न्यावेत, आणि ते नेण्याआधी सर्व्हर पुसून नव्याने बसवू नये. घाईने साफसफाई करून पुरावा धुऊन टाकणे हे नेहमीचे आहे.

सायबर हल्ल्यांचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेले निर्देश हा अजून एक थर. ठरावीक प्रकारचे हल्ले कळल्यापासून सहा तासांत कळवायचे आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या. हे निर्देश 'बॉडी कॉर्पोरेट'ला लागू आहेत, आणि कायद्याच्या व्याख्येत एकट्या मालकाचा धंदाही त्यात बसू शकतो. शनिवारी रात्री बाराला साइट पडली तर सकाळी सहाला मालकाने दिल्लीला मेल केलेला असावा, अशी अपेक्षा. कागदावर चांगली आहे. तिचे ओझे बँकेला आणि बचतगटाला सारखेच घातले आहे, हे मला पटत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे. मुख्य बंधने नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. माहिती सांभाळण्यासाठी वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. होमस्टेला कुणी तेवढा लावणार नाही, रक्कम ठरवताना चुकीचे स्वरूप आणि प्रमाण बघायचे आहे. छोट्यांना सवलत मिळेल अशी आशा अनेकजण बाळगून आहेत. कायद्याच्या सतराव्या कलमात तशी तरतूद आहेही. सरकार ठरावीक वर्गाला काही कलमांतून सूट देऊ शकते. पण माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी, म्हणजे आठव्या कलमातले पाचवे उपकलम, त्या सवलतीच्या यादीत नाही. मे महिना म्हणजे लोणावळ्यात हंगाम भरात आणि पावसाळी बुकिंगची सुरुवात. मागच्या पाच वर्षांत व्हॉट्सॲपवर साठलेले आधार पुसायला त्याआधीचा एखादा रिकामा मंगळवार पुरेल.